घरातल्या हायड्रोपोनिक बागेसाठी एलईडी ग्रो-लाइट बांधताना : इंदूरच्या घरांचा हिशेब

मृण्मयी_मालवा (धागालेखिका)

घरात हायड्रोपोनिक्सचा (मातीशिवाय, पाण्यात रोपं वाढवायचा) रॅक मांडायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती वॅटचा लाइट लावू?" दुकानदारही वॅटमध्येच उत्तर देतो. मला हा प्रश्न अपुरा वाटतो, म्हणून हा धागा. मीटरमधून किती वीज गेली ते वॅटवरून कळतं. त्या विजेतून पानापर्यंत काय पोहोचलं ते कळत नाही, आणि घरच्या बागेचं सगळं गणित तिथेच आहे.

पान फोटॉन मोजतं. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला प्रकाश प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येतो. दर सेकंदाला दर चौरस मीटरवर असे किती फोटॉन पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजतात, त्याला पीपीएफडी म्हणतात. दिवसभराची बेरीज मोलमध्ये केली की झाला डीएलआय. लेट्यूसला दिवसाला १२ ते १७ मोल पुरतात. त्याच्या वर नेलं तर वाढ इतकी झपाट्याने होते की आतल्या कोवळ्या पानांच्या कडेपर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही आणि कडा करपतात. म्हणजे जास्त प्रकाश दिला की जास्त पीक, असंही नाही.

आता एक शेल्फ धरू. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५. क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. पानांवर २२० मायक्रोमोल पाडायचे आणि लाइट १६ तास चालवायचा, तर २२० गुणिले १६ गुणिले ३६००, म्हणजे १२.७ मोल. लेट्यूस, पाकचोय, तुळस (म्हणजे बेझिल) यांना एवढं छान.

पानांवर सेकंदाला ०.५४ गुणिले २२०, म्हणजे ११९ मायक्रोमोल पडायला हवेत. थोडा प्रकाश बाजूने निसटतो. शेल्फच्या तिन्ही बाजूंना पांढरे फोमबोर्ड लावले तर तीन चतुर्थांशापेक्षा थोडा जास्त प्रकाश पानांवर राहतो. तेव्हा दिव्यातून सेकंदाला १५५ मायक्रोमोल निघाले पाहिजेत, असं धरू.

साधा घरगुती २० वॅटचा एलईडी बॅटन सुमारे २००० लुमेन देतो. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात ६५ ते ७० लक्स (लक्स म्हणजे चौरस मीटरमागे एक लुमेन) म्हणजे एक मायक्रोमोल, हे गुणोत्तर धरलं तर हा बॅटन २९-३० मायक्रोमोल देतो. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल, तेव्हा एका जूलला दीडपेक्षा थोडे कमीच. १५५ हवे असतील तर १०७ वॅट जाळावे लागतील. त्याच कामाला चांगले एलईडी, कमी करंट आणि चांगला ड्रायव्हर (मेन्सची वीज एलईडीजोगी करून देणारा भाग) असेल तर एका जूलला २.६ मिळतात, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधून ६० वॅट.

१६ तासांच्या हिशेबाने बॅटनवर महिन्याला ५१ युनिट, दुसऱ्या मांडणीत २९. मध्य प्रदेशात हा फरक नुसता २२ युनिटांचा नाही. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असेल तरच पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये लागतात. ज्या घराचा वापर ११० युनिट आहे, ते घर चांगल्या लाइटने १३९ वर थांबतं, बॅटनने १६१ वर जातं आणि त्या महिन्याची सवलत गमावतं. कार्यक्षमता हा छंदिष्टांचा हट्ट नाही, तो बिलाचाच प्रश्न आहे, हे मला इथे कळकळीने सांगायचं आहे.

आता बांधणी. पांढऱ्या मिड-पॉवर चिप घ्यायच्या. सॅमसंगची एलएम३०१एच ही चिप ६५ मिलिअँपिअरवर सुमारे ३.१ मायक्रोमोल प्रति जूल देते. तीच चिप २०० मिलिअँपिअरपर्यंत चालवता येते, पण करंट वाढवला की कार्यक्षमता घसरते. म्हणून चिप जास्त घ्या आणि त्या हळू चालवा. चिपचा खर्च एकदाच होतो, विजेचा दर महिन्याला.

माझी जोडणी अशी आहे. १६ चिपची एक माळ. प्रत्येक चिप साधारण २.७५ व्होल्ट घेते, म्हणजे माळेला ४४ व्होल्ट. अशा १९ माळा समांतर. प्रत्येकीत ६५ मिलिअँपिअर, एकूण १.२३५ अँपिअर. ४४ गुणिले १.२३५ म्हणजे ५४ वॅट. ड्रायव्हर ९० टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून ६०. डीसी बाजू ६० व्होल्टच्या आत ठेवली आहे, कारण हा दिवा पाण्यावर टांगलेला असतो.

ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचाच हवा. एलईडी तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज बांधून ठेवणारा सप्लाय अशा वेळी जास्त करंट ढकलतो, एलईडी आणखी तापतो, आणखी करंट ओढतो. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर हे चक्र सुरूच होऊ देत नाही.

इतक्या बारीक चिप घरी हाताने झाळत बसू नका. ॲल्युमिनियमच्या पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) बसवलेल्या तयार पट्ट्या मिळतात. किती चिपची माळ आणि किती माळा समांतर, हे विकत घेतानाच विचारून लिहून ठेवा. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या चॅनलवर थर्मल पेस्ट लावून पॉप रिव्हेटने बसवायच्या. ४५ सेंटिमीटर रुंदीत पाच रांगा बसवल्या तर मधल्या रांगांतलं अंतर जास्त आणि कडेच्या रांगांतलं कमी ठेवा. कडेला प्रकाश नेहमी कमी पडतो आणि तिथली रोपं मागे राहतात. पानांपासून उंची २० ते २५ सेंटिमीटर.

तुमच्याकडची मांडणी, मोजमापं, शंका जरूर लिहा.

तिसरा_मजला

ताई, वाचनखूण साठवली. आमचा विजयनगरला फ्लॅट आहे, बाल्कनीत ऊन फक्त सकाळी तासभर. एक शंका. सजावटीच्या बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या पाच मीटरच्या रिळात मिळतात, ॲडॉप्टरही सोबत येतो. त्या शेल्फला चिकटवल्या तर एवढी जोडणी वाचेल. त्यात नेमकं काय बिघडतं?

मृण्मयी_मालवा

बारा व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी एकामागोमाग आणि त्यांच्यासोबत एक रेझिस्टर असतो. तिन्ही मिळून ९ व्होल्टच्या आसपास घेतात, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. पट्टीत शिरलेल्या विजेचा चौथा हिस्सा एलईडीपर्यंत पोहोचतच नाही. ॲडॉप्टरमधलं नुकसान त्याआधीच झालेलं असतं. शिवाय लांब पट्टीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज उतरतं, त्यामुळे शेल्फचं एक टोक उजळ आणि दुसरं मंद. पट्टीच्या पाठीला धातू नसतो, चिकटपट्टी असते. १६ तास चालवली की ती सुटते. मायक्रोग्रीनच्या (कोवळेपणीच कापायच्या रोपांच्या) एका ट्रेवर काम भागेल. लेट्यूससाठी नको.

सियागंजचा_वाटाड्या

छान धागा. खरेदीबद्दल थोडं माझ्याकडून.

एमसीबी, आरसीसीबी (विजेची गळती झाली की सर्किट तोडणारा स्विच), तीन कोअरची केबल, ग्लंड, थिंबल, हीट श्रिंक हे सगळं महाराणी रोडवर एका फेरीत होतं. ॲल्युमिनियमसाठी नवी हीटसिंक घ्यायची गरज नाही. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडे सेक्शनचे उरलेले तुकडे असतात, तो वजनावर देतो. चार फुटी तुकडे मागा, आणि ज्या बाजूवर पट्टी बसणार ती सपाट आहे का ते तिथेच पट्टी ठेवून बघा. पावडर कोटिंग असेल तर पट्टी बसते त्या जागेवरचं कोटिंग पॉलिश पेपरने घासून काढून टाका. बाकीचं राहू द्या, रंगवलेला पृष्ठभाग उष्णता फेकायला उघड्या ॲल्युमिनियमपेक्षा चांगलाच.

चिपच्या बाबतीत सावध राहा. नावाजलेल्या चिपचं नाव सांगून भलत्याच चिप लावलेल्या पट्ट्या बाजारात येतात. पॅकेज तेच, पिवळा ठिपका तोच, डोळ्याला फरक कळत नाही. मी विकत घेण्याआधी एकच पट्टी मागतो आणि घरी तीन गोष्टी मोजतो. ठरलेल्या करंटला व्होल्टेज किती, वॅटमीटरवर वीज किती, आणि ३० सेंटिमीटरवर लक्स किती. ६५ मिलिअँपिअरला चिपमागे तीन व्होल्टच्या आसपास आकडा आला तर ती चिप चांगल्या दर्जाची नाही, एवढं समजून परत करतो. आत जास्तीचं व्होल्टेज म्हणजे नुसती उष्णता. दुकानदाराशी हे आधी बोलून घेतलं तर तो नाही म्हणत नाही.

आजीचा_मळा

मृण्मयी, तुझं विजेचं गणित तू मांडलंस, मी रोपांच्या बाजूने लिहिते. माझी बाग गच्चीवर आहे, आणि आतल्या खोलीत दोन शेल्फ.

पहिली गोष्ट जांभळ्या दिव्यांची. अजूनही लोक लाल-निळे मिसळलेले दिवे आणतात, कारण कुठल्या तरी आलेखात हिरव्या प्रकाशाच्या जागी खड्डा दिसतो. तो आलेख वेगळ्या काढलेल्या क्लोरोफिलचा असतो. अख्ख्या पानावर मोजमाप केलं मॅक्री यांनी. त्यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवरचे आकडे प्रसिद्ध केले आणि त्यात हिरवा प्रकाशही चांगला कामी येताना दिसतो. हिरवा फोटॉन पानात खोलवर शिरतो, वरचा थर भरला की खालच्या पेशींना तोच मिळतो. दाट वाढलेल्या लेट्यूसच्या खालच्या पानांनाही त्याचा फायदा.

दुसरं म्हणजे जांभळ्या प्रकाशात झाड आजारी पडलेलं कळत नाही. लोह कमी पडून नवी पानं पिवळी झाली, कोळी लागला, मुळाशी तपकिरी रंग आला, सगळं एकाच काळपट रंगाचं दिसतं. रोज सकाळी पान उलटून बघणं ही बागेची निम्मी राखण आहे आणि त्याला पांढरा प्रकाश लागतो.

तिसरी गोष्ट तासांची. सगळ्यांना १६ तास देऊ नका. कोथिंबीर आणि विलायती पालक दिवस मोठा झाला की तुरा धरतात. विलायती पालकाला १४ तासांच्या वर गेलं की तो पानं सोडून फुलोऱ्याच्या मागे लागतो. आपल्या बाजारातला देशी पालक वनस्पतिशास्त्राने बीटचाच एक प्रकार, तो इतका लवकर उठत नाही. कोथिंबिरीला मी १२ तास देते आणि प्रकाश थोडा वाढवते.

मृण्मयी_मालवा

मावशी, खूप महत्त्वाचं लिहिलंत. १२ तासांत जवळपास तेवढेच मोल हवे असतील तर पीपीएफडी २८० लागेल. २८० गुणिले १२ गुणिले ३६०० म्हणजे १२.१ मोल. डिमिंगचा ड्रायव्हर असेल तर एकाच दिव्यावर दोन्ही जमतं, फक्त चिप आणि ड्रायव्हर दोन्ही थोडे जास्त क्षमतेचे घ्यावे लागतात.

लाल चिपबद्दल थोडं. जांभळे दिवे नकोत म्हणून लाल पूर्ण सोडू नये. ६६० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनमध्ये ऊर्जा कमी असते. सैद्धांतिक कमाल धरली तर एका जूलमध्ये लाल फोटॉन ५.५ मायक्रोमोल येतात, ४५० च्या निळ्याचे ३.८. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, फॉस्फर त्यातले काही फोटॉन पिवळे-लाल करतो आणि प्रत्येक बदलात ऊर्जा गळते. म्हणून पांढऱ्यासोबत थोड्या ६६० च्या चिप लावल्या की त्याच विजेत जास्त फोटॉन मिळतात आणि पान नीट दिसतंही. दहा पांढऱ्यांमागे एक लाल मला योग्य वाटतं. लाल चिपचं व्होल्टेज दोनच्या आसपास असतं, त्यामुळे त्यांची माळ वेगळी आणि ड्रायव्हरही वेगळा ठेवा. पांढऱ्यांच्या समांतर जोडू नका.

ग्वाल्हेरी_लष्कर

मी ग्वाल्हेरहून लिहितोय. आमच्याकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. डिसेंबर-जानेवारीत धुकं उतरतं, सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही. पण दक्षिणेकडची मोठी खिडकी आहे आणि बाकी वर्षभर तिथे भरपूर उजेड असतो. पूर्ण दिवा बांधायचा की खिडकीला जोड म्हणून छोटा? आणि पीपीएफडी मोजायचं यंत्र महाग आहे, त्याला काही पर्याय?

मृण्मयी_मालवा

जोड म्हणून छोटाच. आधी खिडकीचं मोजमाप घ्या. साधा लक्समीटर पुरतो, गुणोत्तर मात्र प्रकाशाप्रमाणे बदलतं. सूर्यप्रकाशात ५४ लक्स म्हणजे एक मायक्रोमोल, पांढऱ्या एलईडीत ६५ ते ७०. दिवसभरात दर तासाला आकडा लिहायचा, मायक्रोमोलमध्ये बदलायचा, प्रत्येकाला ३६०० ने गुणून बेरीज करायची. खिडकीतून ७ मोल मिळत असतील तर दिव्याने फक्त ५ द्यायचे. तुमच्या शेल्फला ६० ऐवजी २५ वॅट पुरतील.

फोनमधल्या ॲपवर विसंबू नका. फोनचा सेन्सर एका फोनमध्ये एक सांगतो, दुसऱ्यात दुसरंच. तुलना करायला ठीक, म्हणजे शेल्फचा मध्य आणि कडा यांत किती फरक आहे ते कळेल. प्रत्यक्ष आकड्यासाठी लक्समीटर घ्या. २२० मायक्रोमोल म्हणजे पांढऱ्या एलईडीत सुमारे १५,००० लक्स, हा आकडा शेल्फवर लिहून चिकटवून ठेवा. लाल चिप असतील तर लक्समीटर प्रकाश कमी दाखवतो, कारण तो माणसाच्या डोळ्यासाठी बनवला आहे आणि ६६० डोळ्याला मंद दिसतं.

रामबागकर

सविस्तर माहितीबद्दल आभार. मी सत्तरीतला माणूस, रामबागेत जुन्या वाड्यात राहतो. सुनेने लेट्यूस लावायचं मनावर घेतलं आहे. वाड्यात वायरिंग जुनं, तीन पिनांचे सॉकेट आहेत पण तिसऱ्या पिनेला अर्थ येतो की नाही देव जाणे. इलेक्ट्रिशियन म्हणतो की सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतो, काम होऊन जाईल. पाणी आणि वीज जवळ आहे म्हणून विचारतो.

मृण्मयी_मालवा

काका, ते मुळीच करू देऊ नका, हात जोडून सांगते. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुठे तरी तुटला किंवा सैल झाला तर त्या पिनेला जोडलेल्या प्रत्येक धातूवर २३० व्होल्ट येतील. तुमच्या बाबतीत तो धातू म्हणजे रॅक, आणि रॅकवर पाण्याने भरलेला टब. सूनबाई ओल्या हाताने त्याला हात लावणार.

वाड्याला अंगण असेल तर अर्थिंग नवं करून घ्या. खड्डा, प्लेट किंवा पाइप इलेक्ट्रोड, वर पाणी घालायची सोय, आणि तिथून रॅकच्या सॉकेटपर्यंत वेगळी हिरवी तार. काम एका दिवसाचं. मग त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आरसीसीबी अर्थ नसतानाही गळती झाली की वीज तोडतो, पण तोवर ती गळती माणसाच्या अंगातून गेलेली असते, म्हणून दोन्ही हवेत. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

रॅकची आणि दिव्याची ॲल्युमिनियमची चौकट अर्थला जोडा. ड्रायव्हर पाण्याच्या पातळीच्या वर आणि शक्यतो रॅकबाहेर भिंतीवर. केबल सॉकेटमध्ये शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावरून गळून पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

सियागंजचा_वाटाड्या

+१. याला एक जोड. घरगुती बॅटन उघडून त्यातली पट्टी काढून रॅकला लावायचे व्हिडिओ फिरतात. स्वस्त बॅटनमध्ये ड्रायव्हर आयसोलेटेड नसतो. म्हणजे आतली एलईडी पट्टी थेट मेन्सशी जोडलेली असते, प्लास्टिकचं कव्हर हेच एकमेव संरक्षण. ते कव्हर काढलं की पट्टीचा प्रत्येक टाका झटका देऊ शकतो. बॅटन वापरायचाच असेल तर न उघडता, आहे तसा, ओलावा पोहोचणार नाही अशा उंचीवर वापरा. ड्रायव्हर विकत घेताना "आयसोलेटेड" असं छापलेलं बघूनच घ्या.

तिसरा_मजला

उन्हाळ्याबद्दल विचारायचं राहिलं. आमची खोली मेमध्ये भट्टी होते. ६० वॅटचे दोन शेल्फ म्हणजे १२० वॅट. दिवा कार्यक्षम आहे म्हणजे उष्णता कमीच ना?

मृण्मयी_मालवा

दिव्याच्या पाठीमागे कमी, खोलीत नाही. चिपमध्ये शिरलेल्या विजेतला मोठा भाग प्रकाश होतो आणि राहिलेली उष्णता ॲल्युमिनियममध्ये जाते. पण तो प्रकाशही पानांवर, पाण्यावर, भिंतींवर पडून शेवटी उष्णताच होतो. वनस्पती साखरेत साठवते तो भाग अगदी थोडा. म्हणजे १२० वॅट आत आले तर १२० वॅट खोलीत राहिले. शांत बसलेल्या एका माणसाच्या अंगातून जेवढी ऊब निघते तेवढी. बॅटनची मांडणी केली असती तर २१४ वॅट आले असते.

इथे इंदूरची हवा आपल्या बाजूने आहे. मालव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. मेच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण रात्री वारा सुटतो आणि गच्चीवर झोपणाऱ्याला पहाटे चादर ओढावी लागते. रोपाला सूर्य कधी उगवतो याच्याशी देणंघेणं नाही, त्याला सलग अंधार आणि सलग उजेड लागतो. म्हणून मार्च ते जून माझे दिवे संध्याकाळी ६ ला लागतात आणि सकाळी १० ला बंद होतात. खोलीतली सगळ्यात तापलेली वेळ रोपांची रात्र होते. रात्री खिडक्या उघड्या, एक छोटा पंखा पानांवरून आडवा.

याचा खरा फायदा मुळांना होतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना ७.५. पाणी गरम झालं की मुळांची गरज वाढते आणि पुरवठा घटतो, त्यात पिथियम हा बुरशीसारखा जीव शिरतो आणि पांढरी मुळं तपकिरी होतात. टब जमिनीवर ठेवा, दिव्याखाली नाही. वर पांढरं झाकण, भोवती थर्माकोल.

आजीचा_मळा

मी तर मेमध्ये लेट्यूस लावतच नाही. तुळस आणि पुदिना उष्णता सोसतात, ते चालू ठेवते. लेट्यूस परत पाऊस स्थिरावल्यावर. श्रावणात ढगांनी गच्चीवरचा उजेड अर्ध्यावर येतो, तेव्हा आतल्या शेल्फचं महत्त्व सगळ्यात जास्त.

चोइथराम_मंडी_फॅन

सगळं वाचलं. मनापासून एक प्रश्न. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर मंडीत इतकी स्वस्त आणि इतकी ताजी मिळते की पिशवी उचलवत नाही. त्यासाठी वीज जाळून घरात पिकवायची हे मला पटत नाही. शेतकऱ्याला सूर्य फुकट आहे.

मृण्मयी_मालवा

मेथीच्या बाबतीत तुमचं अगदी खरं. हिवाळ्यात मी शेल्फवर मेथी लावत नाही, गच्चीवर कुंडीत लावते. मिरची, टोमॅटो, वांगी यांनाही दिव्याखाली आणू नये असं माझं ठाम मत आहे. त्यांना दिवसाला २० ते ३० मोल लागतात, म्हणजे लेट्यूसच्या जवळजवळ दुप्पट, आणि फळ यायला काही महिने. मालव्यात एवढा सूर्य असताना ते काम सूर्यानेच करावं.

दिव्याचं गणित पानांचं आहे, आणि तेही ज्या पानांना प्रवास सोसत नाही अशांचं. माझ्या एका शेल्फवर लेट्यूसची १८ रोपं बसतात. पुनर्लागवडीपासून पाच आठवड्यांत दोन-अडीच किलो निघतात आणि लाइटला त्या काळात ३३-३४ युनिट लागतात. किलोमागे १३ ते १७ युनिट. युनिटला सात रुपये धरले तरी किलोला शंभराच्या आसपास. दुकानातल्या लेट्यूसशी तुलना केली तर परवडतं, मंडीतल्या पालकाशी केली तर नाही. तुळस, पार्स्ली, रॉकेट, मायक्रोग्रीन यांचंही तसंच. मायक्रोग्रीनला १०० ते १५० मायक्रोमोल पुरतात आणि आठ-दहा दिवसांत काढणी होते.

याच गणितात बॅटन घाला. तिथे किलोमागे २४ ते ३० युनिट येतात आणि मग तुमचा आक्षेप लेट्यूसलाही लागू पडतो. दिव्याच्या कार्यक्षमतेवर मी एवढा जोर देते तो यासाठी.

चोइथराम_मंडी_फॅन

हा हिशेब पटला. तुळशीपासून सुरुवात करतो. आमच्याकडे बेझिल कधीच ताजी मिळत नाही, काळी पडलेली असते.

तिसरा_मजला

शेवटचं विचारतो. टायमर कोणता? फिरत्या चकतीचा साधा टायमर, १६ अँपिअर लिहिलेला, दोन्ही शेल्फ त्याच्यावर. १२० वॅट म्हणजे जेमतेम अर्धा अँपिअर, मग चिंता नको ना? शिवाय एक मित्र म्हणतो की टायमर ड्रायव्हर आणि पट्टीच्या मध्ये डीसी बाजूला लाव, म्हणजे ड्रायव्हर चालूच राहील आणि त्याचं आयुष्य वाढेल.

मृण्मयी_मालवा

मित्राचा सल्ला घेऊ नको. कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरची डीसी बाजू तोडली की तो करंट ढकलायला जागा शोधत व्होल्टेज आपल्या कमाल मर्यादेपर्यंत चढवतो आणि आतला कपॅसिटर त्या व्होल्टेजला भरून बसतो. परत जोडलं की ते सगळं एका झटक्यात चिपमध्ये जातं. रोज असं झालं तर काही चिप मरतील. टायमर नेहमी २३० व्होल्टच्या बाजूला.

तिथेही अर्ध्या अँपिअरकडे बघून निश्चिंत होऊ नये. ड्रायव्हर चालू होताना त्याचा इनपुट कपॅसिटर रिकामा असतो. पहिल्या काही क्षणांत, मिलिसेकंदाच्या आसपास, तो कित्येक अँपिअर ओढतो. टायमरवरचे १६ अँपिअर हे हीटरसारख्या साध्या लोडसाठी छापलेले असतात. रोजच्या या धक्क्याने टायमरचे संपर्क हळूहळू चिकटतात, आणि एके दिवशी ते सुटतच नाहीत. लाइट चोवीस तास चालू राहतो, बिल वाढतं आणि कोथिंबीर तुरा धरते.

महाराणी रोडवर २३० व्होल्ट कॉइलचा छोटा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा दणकट स्विच) मिळतो, डिन रेलवर बसणारा. टायमरने फक्त कॉइल चालवायची, दोन्ही ड्रायव्हर कॉन्टॅक्टरवर घ्यायचे. कॉन्टॅक्टर नको असेल तर प्रत्येक शेल्फला वेगळा टायमर लाव आणि त्यांच्या वेळेत पंधरा मिनिटांचं अंतर ठेव, म्हणजे दोन धक्के एकाच संपर्कावर येणार नाहीत. चकतीचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो, पावसाळ्यात आठवड्याला एकदा घड्याळाशी मिळवून घ्यायचा. बॅटरीवाला डिजिटल घेतलास तर तेही करावं लागणार नाही.